रमतगमत जाण्याचा हक्क : इंग्लंडच्या खेड्यांतल्या सायकल-सहली आणि आपला सातपुड्याचा रस्ता



इतिहासाचे व्याख्यान म्हटले की किल्ला, लढाई किंवा एखादे राजघराणे अशी अपेक्षा असते. बऱ्हाणपूर आणि असीरगडाच्या छायेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांची ती अपेक्षा गैरही नाही. आज मी निवडलेला विषय त्या मानाने हलका वाटेल. काही काम नसताना, कोणाला काही सिद्ध करून दाखवायचे नसताना, सायकलवर बसून खेड्यापाड्यांतून रमतगमत हिंडण्याची चाल इंग्लंडात कशी पडली, आणि तीच सायकल आपल्याकडे आल्यावर तिचे काय झाले, हा तो विषय. पण विषय हलका असला तरी त्यात दडलेला प्रश्न हलका नाही. घाई न करता, भीती न बाळगता, आपल्याच मुलखातून नुसते पाहत जाण्याचा हक्क कोणाला मिळतो आणि तो कशाच्या बळावर मिळतो, असा तो प्रश्न आहे.

हा प्रश्न देडतलाईत विचारायला एक कारण आहे. हे गाव रस्त्याचे आहे. एक वाट बऱ्हाणपूरकडे जाते, एक खंडव्याकडे, आणि एक धारणीवरून मेळघाटातून अमरावतीकडे. दिवसरात्र गाड्या जातात, पण बहुतेकांना हे गाव खिडकीतून दिसते तेवढेच. शिवाय हे सीमेवरचे गाव. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत निमाड आणि वऱ्हाड एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबरला राज्यांची फेररचना झाली. वऱ्हाड तिकडे गेले, निमाड इकडे राहिले आणि मधे रेघ पडली. ज्यांच्या लेकीसुना, शेते आणि कुलदैवते दोन्ही बाजूंना आहेत अशा आपल्या घरांना रस्ता म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे प्रवास नव्हता असे नाही. उलट प्रवास फार होता. तापीकाठाने मुक्ताबाईच्या दर्शनाला जाणाऱ्या दिंड्या, ओंकारेश्वराची यात्रा, नर्मदेची पायी परिक्रमा, कापसाच्या गाड्या, लमाणांचे तांडे, फौजा. बऱ्हाणपूर तर सुरत आणि आग्रा यांच्यामधला मोठा मुक्काम होता. विल्यम फिंच १६१० मध्ये इथून गेला. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात इथे शाहजादा परवीझला भेटला. १६३० च्या भीषण दुष्काळात पीटर मंडी याच वाटेने आग्र्याला गेला आणि रस्त्याकडेची माणसांची दैना त्याने लिहून ठेवली. हे सगळे इंग्रज सावकाशच गेले, कारण बैल आणि उंट याहून जलद जात नाहीत. पण त्यांची गती नाइलाजाची होती. डोक्यावर व्यापाराचे, दरबाराचे नाहीतर जिवाचे ओझे होते. यात्रेकरूची गती त्याहून मोकळी, पण तिलाही पुण्याचा हेतू असतो. जलद जाण्याची सोय असताना मुद्दाम सावकाश जायचे, आणि त्यातून पुण्य, पैसा, कीर्ती काहीच मिळवायचे नाही, ही गोष्ट या सर्वांहून निराळी आहे. साध्या माणसांनी ती मोठ्या संख्येने प्रथम केली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, इंग्लंडात, सायकलवर बसून.

ते तिथेच का घडले? पहिले कारण आगगाडी. १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर लोहमार्ग सुरू झाला आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घोड्यांच्या टपालगाड्यांचा धंदा बसला. ज्या हमरस्त्यांवर दर दहा-बारा मैलांवर घोडे बदलत, प्रवासी जेवत, झोपत, ते रस्ते ओस पडले. खानावळी आणि सरायांसारखी विश्रांतिगृहे धूळ खाऊ लागली. रस्ता तयार, मुक्कामाच्या जागा तयार आणि वाहने नाहीत, अशी विचित्र स्थिती तीस-चाळीस वर्षे राहिली. त्या रिकाम्या रस्त्यावर सायकल आली. आधी आली ती पुढे माणसाच्या छातीएवढे मोठे चाक आणि मागे पिटुकले चाक असलेली. तिच्यावरून पडणे म्हणजे तोंडावर पडणे, म्हणून ती धडधाकट आणि पैसेवाल्या तरुणांचीच राहिली. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली याने कॉव्हेंट्री येथे रोव्हर नावाची सायकल काढली. दोन्ही चाके जवळपास सारखी, मागच्या चाकाला साखळी. आज आपण चालवतो ती सायकल मुळात हीच. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले आणि दगडी रस्त्यावर हाडे खिळखिळी होणे थांबले.

पण यंत्राने सहल होत नाही. अनोळखी गावात संध्याकाळी पोहोचलेल्या घामेजल्या माणसाला कोणी दार उघडायला हवे, रास्त भाड्यात खोली द्यायला हवी, उद्याचा चढ किती आहे हे सांगायला हवे. या कामासाठी ५ ऑगस्ट १८७८ रोजी हॅरोगेट येथे सायकलस्वारांची एक संस्था स्थापन झाली. १८८३ पासून ती सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब या नावाने ओळखली जाऊ लागली. तिने केलेल्या गोष्टी साध्या आहेत, पण त्यांतली शिस्त पाहण्यासारखी आहे. गावोगावच्या विश्रांतिगृहांशी तिने दर ठरवून घेतले आणि तिथे पंख असलेल्या चाकाची पाटी लावली. प्रत्येक ठाण्यात आपला एक माणूस नेमला. त्याला ते 'कॉन्सल', म्हणजे वकील, म्हणत. रस्त्याची खबर देणे, सायकल दुरुस्त करणारा दाखवणे, एवढेच त्याचे काम. धोक्याच्या उतारांवर सूचनाफलक लावले. नकाशे छापणाऱ्या बार्थोलोम्यू कंपनीला पुढे याच क्लबचे सभासद हिंडून आलेल्या वाटांच्या दुरुस्त्या पुरवू लागले. १८८६ मध्ये सायकलस्वारांच्या दोन संस्थांनी मिळून रस्ते सुधारण्यासाठी वेगळी संघटना काढली. मोटार येण्याच्या आधी चांगला रस्ता मागणारे हे लोक होते. १८८८ च्या कायद्याने सायकल हे वाहन ठरले आणि गावोगावचे मनमानी मज्जाव रद्द झाले. १८९९ पर्यंत या क्लबची सभासदसंख्या ६०,००० च्या वर गेली.

हे सभासद सगळेच काही मोठ्या घरचे नव्हते. एच. जी. वेल्स यांची १८९६ ची एक कादंबरी आहे, 'द व्हील्स ऑफ चान्स'. तिचा नायक हूपड्रायव्हर हा कापडदुकानात गिऱ्हाइकांपुढे ठाण उलगडणारा नोकर. वर्षाकाठी मिळणारी दहा दिवसांची सुट्टी तो सायकलवर दक्षिण इंग्लंडात घालवतो आणि सुट्टी संपली की पुन्हा दुकानात हजर होतो. वेल्स स्वतः तारुण्यात कापडदुकानात उमेदवारी केलेले, त्यामुळे त्या दहा दिवसांची किंमत त्यांना पक्की माहीत होती. दुकानात हा नोकर हुकूम ऐकतो. रस्त्यावर कुठे वळायचे ते तो स्वतः ठरवतो. १८९४ मध्ये बर्मिंगहॅमच्या काही समाजवादी तरुणांनी क्लॅरियन नावाचा सायकल क्लब काढला. शनिवारी अर्ध्या दिवसाने कारखाना सुटला की ही मंडळी खेड्यांकडे निघत आणि जाता जाता आपली पत्रके वाटत. म्हणजे सायकल-सहलीच्या मुळाशी जसे यंत्र आहे तसा शनिवारचा अर्धा दिवसही आहे. कामगारांनी आधी सुट्टी मिळवली, मग रस्ता त्यांचा झाला.

आता सरे परगण्यातल्या दोन जागांची हकीकत सांगतो. लंडनहून पोर्ट्समथकडे जाणाऱ्या रस्त्यावर रिप्ली नावाचे खेडे आहे. तिथले 'अँकर' हे विश्रांतिगृह १८८० च्या सुमारास सायकलस्वारांचे पंढरपूरच झाले होते. रविवारी शेकडोंनी लोक येत. ते चालवणाऱ्या डिबल घराण्यातल्या अ‍ॅनी आणि हॅरिएट या बहिणी कोणाचाही चेहरा न पाहता, कपड्यांवरची धूळ न पाहता, सर्वांना सारखे वाढत. त्या गेल्यावर सायकलस्वारांनी वर्गणी काढून गावच्या चर्चमध्ये त्यांच्या आठवणीसाठी रंगीत काचेचे काम करून घेतले. जिथे सरदारांची आणि सेनापतींची नावे लागतात तिथे भाकरी वाढणाऱ्या दोन बायकांचे नाव लागले.

दुसरी जागा तिथून काही मैलांवर, ऑकम गावची. हॉटबॉय हे तिथले हॉटेल. २७ ऑक्टोबर १८९८ रोजी लेडी हार्बर्टन या बाई सायकलवरून तिथे आल्या. लांब झगा चाकात अडकतो म्हणून त्यांनी घोळदार विजार घातली होती. बायकांनी सुटसुटीत कपडे घालावेत यासाठी चाललेल्या चळवळीच्या त्या पुढारी होत्या. मालकिणीने त्यांना जेवणघरात बसू देण्याचे नाकारले आणि दारू पिणाऱ्या पुरुषांच्या बाजूची खोली दाखवली. क्लबाने मालकिणीवर खटला भरला. १८९९ मध्ये निकाल लागला आणि क्लब हरला. दुसरी खोली देऊ केली होती, म्हणजे नकार दिलाच नाही, असे ज्यूरीचे म्हणणे पडले. दोन्ही दारे एकाच मुलखातली आणि एकाच काळातली. एका दारात धुळीचीही पर्वा नव्हती, दुसऱ्या दारात विजार आडवी आली. रस्ता कितीही चांगला असला तरी प्रवास कुणाचा, हे शेवटी दारात ठरते. हे सूत्र ध्यानात ठेवावे, कारण आपल्याकडे येताना ते लागणार आहे.

ही माणसे त्या खेड्यांत पाहत तरी काय होती? फार मोठे काही नाही. तासाला आठ-दहा मैलांची चाल, दिवसाला तीस-चाळीस मैलांचा पल्ला. दोन्ही बाजूंना झुडपांची कुंपणे, शतकानुशतकांच्या चाकांनी खोल गेलेल्या वाटा, मैलाचे दगड, फाट्यावरचे लाकडी हात, चर्चचा मनोरा, दुपारचा चहा. एडवर्ड टॉमस नावाचा लेखक १९१३ च्या ईस्टरला लंडनहून सायकलवर निघाला आणि पश्चिमेला क्वांटॉकच्या टेकड्यांपर्यंत वसंत ऋतू शोधत गेला. त्याचे पुस्तक १९१४ मध्ये आले. त्यात पाखरे आहेत, पाऊस आहे, थडग्यांवरची नावे आहेत. त्याच वर्षी युद्ध पेटले आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये अरासच्या लढाईत टॉमस मारला गेला. पहिल्या महायुद्धात गेलेल्या सायकलस्वारांचा स्मृतिस्तंभ १९२१ मध्ये मेरिडन या खेड्यात उभारला गेला. तिथे अजूनही मे महिन्यात सायकलवाले जमतात.

१९३० मध्ये युथ हॉस्टेलांची संस्था निघाली आणि एका शिलिंगात रात्रीचा निवारा मिळू लागला. अट एवढीच की आपल्या अंगबळावर यायचे, मोटारीने नाही. गरिबाच्या सहलीचा हा भरभराटीचा काळ. मग उतरण लागली. १९४९ साली ब्रिटनमध्ये सायकली वर्षभरात सुमारे २४ अब्ज किलोमीटर धावल्या होत्या. १९७३ पर्यंत हा आकडा ४ अब्जांच्याही खाली आला. ज्यांनी रस्ते चांगले करून मागितले त्यांनाच मोटारींनी रस्त्यावरून उठवले. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैलांचे छोटे लोहमार्ग बंद पडले. पण त्यातूनच पुढची वाट निघाली. ब्रिस्टल आणि बाथ यांच्यामधल्या सोडून दिलेल्या लोहमार्गाच्या भरावावर १९७९ ते १९८६ या काळात, बरेचसे स्वयंसेवकांच्या हातांनी, सुमारे २१ किलोमीटरची सायकल-वाट बांधली गेली. १९९५ मध्ये लॉटरीच्या निधीतून देशभरच्या अशा वाटांच्या जाळ्याला मोठे अनुदान मिळाले. एकदा आगगाडीने ओस पाडलेल्या रस्त्यावर सायकल आली होती. आता मोटारीने ओस पाडलेल्या आगगाडीच्या वाटेवर ती आली.

आता आपल्याकडे वळू. १८८८ हे वर्ष पुन्हा आठवा. डनलॉपच्या टायरचे आणि इंग्लंडच्या त्या कायद्याचे ते वर्ष. त्याच वर्षी बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी सायकलींचा व्यवसाय सुरू केला. पुढच्या साऱ्या किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ याच वर्षापासून मोजतात. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. ते मुंबईत सायकली विकत घेत आणि बेळगावला थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत, एवढेच नव्हे तर चालवायलाही शिकवत. सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये आणि शिकवण्याची फी पंधरा रुपये. त्या काळात साध्या नोकरदाराचा पंधरा रुपयांत महिना जाई. म्हणजे जे यंत्र इंग्लंडात कापडदुकानातल्या नोकराच्या हाती आले होते, ते आपल्याकडे जहागीरदार, वकील आणि साहेबांच्या हाती आले. पायगाडी हा आपला त्या वेळचा शब्द. तो मागे पडून बायसिकल आणि मग सायकल रूढ झाला.

हिंदुस्थानात सायकलवर आधी मोठ्या सहली केल्या त्याही परक्यांनीच. फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती विल्यम हंटर वर्कमन हे अमेरिकन जोडपे १८९७ च्या अखेरीस इकडे आले आणि लंका, हिंदुस्थान, ब्रह्मदेश, जावा मिळून चौदा हजार मैल सायकलवर हिंडले. त्यांचे जाडजूड पुस्तक १९०४ मध्ये लंडनला निघाले. देवळे, लेणी, मशिदी यांचे बारकाईने वर्णन आणि भरपूर छायाचित्रे त्यात आहेत. मुक्काम डाकबंगल्यात नाहीतर स्टेशनच्या वेटिंगरूममध्ये, आणि सामान घेऊन नोकर आगगाडीने पुढे गेलेला. देश त्यांनी पाहिला, पण गावाच्या ओसरीवर बसून पाहिला असे म्हणता येत नाही. डाकबंगला साहेबासाठी होता, त्याचे दार त्यांना आपोआप उघडत होते.

मग आपली माणसे निघाली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून परत आले. इराण, मेसोपोटेमिया, सिनाईचे वाळवंट, युरोप, ब्रिटन, अमेरिका, जपान, चीन, सयाम. ज्या ब्रिटनच्या गावरस्त्यांबद्दल आपण बोलत आहोत त्यांवरूनही ही मुंबईची चाके गेली. १९३३ मध्ये आणखी तिघे निघाले, ते १९४२ मध्ये परतले. ही धाडसे थोर आहेत आणि आपण ती जवळपास विसरलो हे बरे नाही. पण ही रमतगमत केलेली सहल नव्हती. हा विक्रम होता.

स्वातंत्र्यानंतर मद्रास, सोनीपत, लुधियाना इथे कारखाने निघाले आणि सायकल गावात आली. ती आली ती सहलीसाठी नव्हे, कामासाठी. दुधाच्या बरण्या, टपालाची थैली, शिक्षकाचा डबा, आजारी माणूस डबलसीट, दिवाळीची खरेदी, सगळे तिच्यावरून गेले. मुलांनी तासाच्या भाड्याने घेऊन दांड्याखालून पाय घालत हाफ पायडल मारले. इकडे त्याला कैंची म्हणतात. रात्री दिवा नसला तर शिपाई पकडे, पालिकेचा बिल्ला नसला तर हवा सोडून देई. सायकलीचे आपले सगळे लोकजीवन असे कामाचे आहे. खेड्यातल्या माणसाने पाच दिवस नुसते हिंडण्यासाठी सायकल बाहेर काढली असती, तर घरातल्यांनी विचारले असते, कुणाकडे काही झाले आहे का?

आणि मोठा प्रवास करायचाच तर त्याला व्रत हवे. १९८५ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर होती. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नव्हते; सत्तरी ओलांडलेले बाबा गाडीत आडवे पडून त्यांच्याबरोबर गेले. तीन वर्षांनी अरुणाचलपासून गुजरातपर्यंत दुसरी यात्रा झाली. १९९० मध्ये बाबा आपल्या निमाडातच, बडवानीजवळ नर्मदेकाठी कसरावदला, येऊन राहिले. त्या सायकलींनी जे केले ते मोलाचेच. तरी आपल्या प्रश्नापुरते पाहिले तर चित्र असे दिसते : आपल्याकडे सायकल एकतर कामाला लागली, नाहीतर विक्रमाला, नाहीतर व्रताला. सहज म्हणून ती फारशी निघाली नाही.

याचे खापर गरिबीवर फोडून मोकळे होता येते. मग हूपड्रायव्हर कुठे श्रीमंत होता? त्याच्याजवळ दहा दिवसांची सुट्टी होती आणि रात्री उघडणारे दार होते. आपल्याकडे दोन्ही अवघड होती, आणि दुसरे अधिक. इथे एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीच्या कामावरून परतताना चाळीसगावला उतरले. चाळीसगाव म्हणजे आपल्याच लोहमार्गावरचे, खानदेशातले गाव. तिथल्या वस्तीने त्यांना रात्री राहण्याचा आग्रह केला. स्टेशनवरून वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. महाराला टांग्यात बसवणे त्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा नाही. वस्तीतल्याच एका अननुभवी माणसाने तो हाकला, नदीच्या मोरीवर घोडा बिथरला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. परदेशात शिकून आलेला बॅरिस्टर आणि मुंबई कायदेमंडळाचा सभासद असून ही अवस्था. हे त्यांनीच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. ऑकमच्या हॉटेलात एका बाईची विजार आडवी आली. आपल्याकडे माणसाचा जन्मच आडवा येत होता. धर्मशाळा, विहीर, हॉटेलातली कपबशी, सगळीकडे आधी जात विचारली जाई. अशा मुलखात नुसते हिंडायला निघणे ही काहींना परवडणारी चैन होती आणि काहींना जिवावरचे संकट.

म्हणूनच मला आपली कामाची सायकलही मोठी वाटते. तिला टांगेवाल्याची परवानगी लागत नाही. जो तिच्यावर बसला तो कुणाच्या शेजारी बसला नाही आणि कुणी त्याला उतरवले नाही. मध्य प्रदेश शासन गावात पुढची शाळा नसलेल्या मुलामुलींना सायकली देते. सकाळी खकनार तहसिलीतल्या कुठल्याही रस्त्यावर गणवेशातल्या मुली रांगेने जाताना दिसतात. त्यांच्यात कोरकू आहेत, बलाही आहेत, आपल्या घरच्या आहेत. त्या सहलीला निघालेल्या नाहीत, शाळेला निघालेल्या आहेत. पण परत येताना दोघी-तिघी बोरीखाली सायकली टेकवून थांबतात ना, तेवढा अर्धा तास म्हणजे आपला शनिवारचा अर्धा दिवस. हक्क असाच सुरू होतो.

इथे सावध राहायला हवे. घाम गाळत सायकल चालवणाऱ्याला 'सावकाश जाण्यात केवढा आनंद आहे' असे मोटारीत बसलेल्याने सांगू नये. ज्याने चाळीस वर्षे पायडल मारले त्याच्या मुलाने मोटारसायकल घेतली तर तो त्याचा न्याय्य आनंद आहे. सावकाश जाणे आणि मागे पडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. निवड असेल तरच ती सहल.

पण वेग वाढला तसे काही हातून गेले हेही खरे. अकोला-खंडवा ही छोटी गाडी घ्या. आपल्या परिसरातले तुकईथड स्टेशन तिच्यावरचे. धूळघाटाला ती स्वतःच्याच रुळाखालून वळसा घेऊन चढे आणि त्या हळू चालण्यात वऱ्हाडची मराठी, कोरकू आणि निमाडी एकाच डब्यात बसत. २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी ती थांबली. मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून मोठी गाडी न्यायची की जंगलाला वळसा घालायचा, यावर मग बराच काळ वाद चालला. जंगल वाघाचेच राहावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण गाडी थांबली आणि आपण धारणीकडे, अकोटकडे जाणारे लोक अनोळखी झालो. मुले इंदूरला, पुण्याला शिकायला जातात. बऱ्हाणपूर ते देडतलाई या वाटेवरच्या पाच गावांची नावे त्यांना ओळीने सांगता येत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली मराठी घरे भाषा टिकवण्याची चिंता करतात. पुस्तकांनी भाषा टिकते, हे खरे. पण भाषा रस्त्यावरही टिकते : कोणत्या गावापर्यंत 'काय हो' म्हणतात आणि कुठून 'काई भाई' सुरू होते, हे ज्याला माहीत आहे त्याच्या तोंडी ती जिवंत राहते. १९५६ ची रेघ नकाशावर सरळ आहे. बोलीची रेघ तशी नाही. ती ओसरीवर, हापशावर, आठवडी बाजारात हळूहळू बदलत जाते आणि ताशी ऐंशीच्या वेगात ऐकू येत नाही.

इंग्लंडच्या त्या क्लबाकडून आपण काही घ्यायचे असेल तर कुंपणांच्या वाटा आणि दुपारचा चहा नव्हे. घ्यायची ती पद्धत. प्रत्येक ठाण्यात एक ओळखीचा माणूस, रास्त दर ठरवलेली मुक्कामाची जागा, लोकांनी स्वतः हिंडून दुरुस्त केलेला नकाशा, आणि दार सर्वांना सारखे उघडले जाईल याची हमी, जी मिळाली नाही तर भांडण्याची तयारी. याला सरकारी योजना लागत नाही. एका साहित्य मंडळाला सहज जमेल असे हे काम आहे. बऱ्हाणपूरपासून धारणीपर्यंतच्या गावांची यादी करावी. गावाला मराठीत, निमाडीत, कोरकूत काय म्हणतात ते लिहावे. पाणी कुठे गोड, सावली कुठे, पंक्चर कुठे निघते, रात्री कोण ठेवून घेईल हे नोंदवावे. जंगलखात्याची जिथे मनाई आहे तिथे ती मनाई स्पष्ट छापावी. आणि यादीत नाव घालण्याआधी प्रत्येक यजमानाला एकच प्रश्न विचारावा : कोणीही आला तरी वाढाल ना? जो 'हो' म्हणेल त्याच्या दाराला आपली पाटी.

रिप्लीच्या डिबल बहिणींनी इतिहास घडवला असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी दार उघडे ठेवले आणि वाढले. तेवढ्यावर हजारो साध्या माणसांना आपला देश बघता आला. तलाई म्हणजे लहान तळे. आपल्या गावाच्या नावातच थांबण्याची जागा आहे. तिथे थांबणारा माणूस कोण, कुठला, हे न विचारता त्याला आधी पाणी द्यावे. वाट तो मग आपली आपण काढील.